हौस, हजेरी आणि शिणवटा : ऑनलाइन भूमिकाधारित खेळांतील नेतृत्वाची समीक्षा (तमाशाच्या फडाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

एकाने सोंग घ्यावे, इतरांनी ते खरे मानावे आणि सर्वांनी मिळून काही काळापुरते वेगळे जग उभे करावे, ही मानवी संस्कृतीतील अत्यंत जुनी कृती आहे. संगणकाने या कृतीला नवे रंगपीठ दिले. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाधारित खेळ प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' या नावाने केवळ शब्दांतून उभे राहणारे बहुखेळाडू जग संगणकावर आणले. तेथून आजपर्यंतच्या प्रवासात असे खेळ जगभर पसरले. २०१६ नंतर मोबाईलवरील डेटा स्वस्त झाल्यावर ते महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंतही पोहोचले. अहमदनगर जिल्हाही (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) त्यास अपवाद नाही.

या खेळांविषयी शिक्षणक्षेत्रात होणारी चर्चा मात्र बहुधा 'व्यसन' या एकाच शब्दाभोवती फिरते. विद्यार्थी किती तास खेळतो, रात्री किती वाजता झोपतो, परीक्षेत किती गुण मिळवतो, एवढेच प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांत खेळाडू एकटा गृहीत धरलेला असतो. भूमिकाधारित खेळ एकट्याने होत नाही. तो समूहात होतो आणि समूह म्हटला की त्याला चालक येतो, नियम येतात, हजेरी येते, मान-अपमान येतात. अशा समूहांत खेळाडूला येणारा शिणवटा हा त्याच्या मनाचा दुबळेपणा नसून समूहातील सत्तारचनेचे फलित असतो आणि श्रमाला 'हौस' म्हटल्यामुळे तो शिणवटा बोलून दाखवण्याचा मार्गच बंद होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी नगर जिल्ह्याला परिचित असलेल्या तमाशाच्या फडाची रचना तुलनेसाठी घेतली आहे.

शिणवटा : संकल्पना आणि तिची मर्यादा

'बर्नआउट' ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ करण्याचे श्रेय हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांना दिले जाते. १९७४ मधील त्यांचे निरीक्षण न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांसंबंधी होते. त्यांपैकी बहुतेक स्वयंसेवक होते. पगारासाठी नव्हे, तर ध्येयासाठी आलेली ही माणसे काही महिन्यांत चिडचिडी, संशयी आणि रिती होत जातात, असे त्यांना दिसले. पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये या अवस्थेचे मोजमाप मांडले. त्यात तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक रितेपणा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या आवृत्तीत शिणवट्याची नोंद 'व्यवसायाशी निगडित घटना' म्हणून केली आहे आणि जीवनाच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना ही संज्ञा लावू नये, असेही स्पष्ट केले आहे. याच आवृत्तीत 'गेमिंग विकार' मात्र स्वतंत्रपणे नोंदवला आहे. याचा अर्थ विचारात घेण्यासारखा आहे. खेळणारा माणूस 'विकारग्रस्त' असू शकतो. परंतु खेळाच्या समूहात राबून तो 'शिणलेला' असू शकतो, हे या वर्गीकरणाच्या चौकटीत बसत नाही. ज्या संकल्पनेचा जन्म स्वयंसेवकांच्या थकव्यातून झाला, तीच पुढे पगारी नोकरीपुरती मर्यादित झाली. ऑनलाइन समूहांतील शिणवटा या दोन नोंदींमधल्या फटीत हरवतो.

फड : सोंगाचे श्रम आणि त्यांची कबुली

तमाशाच्या क्षेत्रात ही फट तुलनेने कमी होती, याचे कारण फडाच्या अर्थव्यवहारात आहे. तंबूचा फड साधारणपणे दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी गावकारभारी सुपारी देतात. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावी त्यासाठी फडांच्या राहुट्या लागतात. हंगामापूर्वी कलावंत फडमालकाकडून 'उचल' घेतो आणि ती फिटेपर्यंत फडाशी बांधला जातो. फडमालकही बहुधा कर्ज काढूनच उचल वाटतो. हंगाम बुडाला की दोघेही बुडतात.

ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. उचलीने कलावंताच्या पिढ्या बांधल्या गेल्या, स्त्री-कलावंतांच्या वाट्याला तर दुहेरी शोषण आले. तरीही उचलीत एक कबुली दडलेली आहे : गण, गवळण, बतावणी, वग यांतून रात्रभर चालणारे हे सोंग म्हणजे श्रम आहेत आणि त्या श्रमांना किंमत आहे. सोंगाड्या रंगमंचावर राजाची टर उडवतो, पण पहाटे हिशेबाला बसतो तेव्हा तो सोंगाड्या नसतो, मजुरी मागणारा माणूस असतो. सोंग आणि हिशेब यांच्यामधली ही सीमारेषा फडात सर्वांना ठाऊक असते.

संगमनेर ही कर्मभूमी असलेल्या कांताबाई सातारकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांनी वगांतून पुरुषपात्रेही समर्थपणे रंगवली. तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर त्यांना फडाची उभारणी नव्याने करावी लागली आणि पुढे त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह तो फड नावारूपाला आला. २०२१ मध्ये कांताबाईंचे निधन झाले. रंगमंचावर त्या राजाच्या भूमिकेत असोत वा नसोत, फडाची जबाबदारी त्यांच्यावर होती ती मालकीण म्हणून. कनातीमागे माणसांच्या जेवणाची, प्रवासाची, आजारपणाची चिंता वाहणे हे मालकपणाचे काम होते आणि त्या कामाला नाव होते.

मात्र तमाशाविषयीचे मराठी कथन या श्रमांकडे नेहमी सरळ नजरेने पाहते असे नाही. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभे राहण्यास सिद्ध झाल्या, ही कथा वेगवेगळ्या पाठांनी आजही कौतुकाने सांगितली जाते. तिच्यात कलानिष्ठेचे तेज आहे, यात शंका नाही. परंतु बाळंतिणीला रंगमंचावर जावे असे वाटायला लावणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न त्या कौतुकात विरून जातो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानित झालेल्या विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते आणि कांताबाईही त्याच्या मानकरी ठरल्या. गौरव आणि विवंचना यांचे हे सहअस्तित्व शिणवट्याला 'निष्ठा' म्हणण्याच्या सांस्कृतिक सवयीकडे निर्देश करते.

आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवरील त्याच नावाचा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील गुणा हा पैलवान गडी स्वतः फड उभा करतो आणि जी भूमिका कोणी घ्यायला तयार नाही ती नाच्याची भूमिका स्वतःवर घेतो. म्हणजे इतरांवर ओझे लादणारा नेता तो नव्हे. तरीही नाच्याचे सोंग रंगमंचाबाहेर त्याची पाठ सोडत नाही. गाव, घर आणि विरोधक त्याला त्या सोंगातच कोंडतात. सोंग आणि माणूस यांच्यातील सीमा समाजाने पुसली की सज्जन नेताही मोडून पडतो, हे या कथेतून दिसते. दुर्जन नेत्याने ती सीमा आपल्या सोयीसाठी पुसली तर काय होईल, हा त्यापुढचा प्रश्न ऑनलाइन समूहांकडे नेतो.

लॅम्डामू : नेत्यांच्या शिणवट्याचा दाखला

या संदर्भात सर्वांत उद्बोधक घटना 'लॅम्डामू' या जगातील आहे. पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातून ते चालू केले. तेथे चित्रे नव्हती. खेळाडू आपल्या पात्राचे वर्णन आणि कृती शब्दांतच लिहीत. जगाचा तांत्रिक कारभार ज्यांच्या हाती होता त्यांना 'विझर्ड', म्हणजे जादूगार म्हटले जाई. खेळाडूंची संख्या वाढली तशी भांडणे वाढली आणि प्रत्येक भांडणाचा निवाडा जादूगारांकडे येऊ लागला. या ओझ्याला कंटाळून डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे जादूगार केवळ तांत्रिक काम पाहतील. सामाजिक निर्णय खेळाडूंनी स्वतः घ्यावेत.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९९३ च्या मार्चमध्ये, 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एका संगणकीय युक्तीच्या आधारे इतरांच्या पात्रांच्या नावावर लैंगिक अत्याचाराची वर्णने सर्वांसमक्ष घडवून आणली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये या प्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. शारीरिक इजा कोणालाच झाली नव्हती. पण ज्यांच्या पात्रांवर हे बेतले त्यांना झालेला क्लेश खरा होता. खेळाडूंची सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली आणि निर्णय झाला नाही. अखेर एका जादूगाराने स्वतःच्या विचाराने बंगलचे खाते पुसून टाकले. परत आलेल्या कर्टिस यांनी मग अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. ती काही वर्षे चालली. १९९६ मध्ये मात्र जादूगारांनी कबूल केले की तांत्रिक आणि सामाजिक निर्णय वेगळे ठेवणे अशक्य आहे आणि सामाजिक निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी पुन्हा स्वतःकडे घेतला.

या घटनाक्रमाचे वाचन बहुधा 'आभासी गुन्हा' या अंगाने होते. नेतृत्वाच्या अंगाने पाहता त्यात वेगळी गोष्ट दिसते. सत्ता असलेली माणसे शिणली म्हणून बाजूला झाली. सत्ता मात्र नाहीशी झाली नाही. खाते पुसण्याची कळ जादूगारांच्याच हाती राहिली. अमेरिकन स्त्रीवादी अभ्यासक जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी रचनाहीन समूहांविषयी जो इशारा दिला होता, त्याचाच हा प्रत्यय होय : समूहाने आपल्याला रचना नाही असे म्हटले तर रचना नष्ट होत नाही, ती केवळ अदृश्य आणि म्हणून अनुत्तरदायी होते.

उचल आणि गुण

१९९९ मधील 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मधील 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या चित्रमय खेळांनी समूहाची गरज तांत्रिक रचनेतच घालून ठेवली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील आरंभीच्या मोठ्या मोहिमांसाठी ४० खेळाडू एकाच वेळी लागत. चाळीस माणसे ठरलेल्या रात्री, ठरलेल्या भूमिकेत, काही तास एकत्र आणायची तर संघटना हवी. त्या संघटनेला 'गिल्ड' म्हणतात आणि तिचा प्रमुख बहुधा स्वतःच्या फावल्या वेळात वेळापत्रक, भरती, तंटे आणि लुटीची वाटणी सांभाळतो. त्याला मोबदला नसतो, कार्यकाळाची मुदत नसते, बदली माणूस नसतो. फ्रॉइडेनबर्गर यांच्या दवाखान्यातील स्वयंसेवकाचीच ही स्थिती होय.

लुटीच्या वाटणीसाठी अनेक गिल्डांनी गुणपद्धती स्वीकारली. मोहिमेला हजर राहिले की गुण मिळतात आणि साठलेले गुण खर्चून वस्तू घेता येते. पद्धत वरकरणी न्याय्य आहे. परंतु हे गुण त्या गिल्डपुरतेच चालतात. गिल्ड सोडला की त्यांची किंमत शून्य होते. फडातील उचलीशी याची तुलना केली तर एक विलक्षण उलटापालट दिसते. उचलीत माणूस घेतलेल्या पैशाने बांधला जातो. गुणपद्धतीत तो स्वतः कमावलेल्या गुणांनी बांधला जातो. उचल फेडून सुटता येते. गुण मात्र जितके अधिक कमवावेत तितके सोडून जाणे महाग पडते. म्हणूनच सर्वांत जास्त शिणलेला खेळाडू हा बहुधा सर्वांत जुना आणि निष्ठावान खेळाडू असतो.

भूमिकेआडची सत्ता

भूमिकाधारित समूहांत या बंधनाला आणखी एक पदर जोडला जातो. येथे नेता केवळ व्यवस्थापक नसतो. तो कथेतही राजा, सेनापती किंवा टोळीप्रमुख असतो. 'जीटीए' या खेळावर आधारित नगरजीवनाच्या भूमिकाखेळांत तो पोलीसप्रमुखही असू शकतो. कथेतील आज्ञा आणि समूहातील आज्ञा यांचा उगम एकाच तोंडातून होतो. विषारी नेतृत्व ही संज्ञा मार्शिया व्हिकर यांनी १९९६ मध्ये आणि जीन लिपमन-ब्लूमन यांनी २००४ मध्ये राजकारण आणि संस्थाजीवनाच्या संदर्भात विवेचिली. लिपमन-ब्लूमन यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की अनुयायी अशा नेत्याला केवळ भीतीने सहन करत नाहीत. सुरक्षितता, निवडकांत गणले जाणे, जगण्याला अर्थ मिळणे या त्यांच्या गरजा तो नेता भागवत असतो. भूमिकाखेळात या तिन्ही गरजा कथेच्या रूपाने थेट पुरवल्या जातात.

त्यामुळे भूमिकेआड लपलेली सत्ता दोन दिशांनी वापरता येते. खेळाडूने रात्री झोप येते असे सांगितले तर ती कथेतील 'फितुरी' ठरते. त्याने अपमानाची तक्रार केली तर 'हे केवळ पात्र बोलले, माणूस नव्हे' असे उत्तर मिळते. सीमा नेत्याला हवी तेव्हा असते आणि नको तेव्हा नसते. पहाटे हिशेबाला बसलेल्या सोंगाड्याला आपले सोंग उतरवण्याचा जो हक्क फडात होता, तो येथे खेळाडूला नसतो. मॅस्लाक यांनी सांगितलेला कोरडेपणा अशा वातावरणात कलेचा भाग म्हणूनही खपून जातो आणि शिणवट्याचे लक्षण अभिनयाचे कौशल्य समजले जाते.

दोन आक्षेप

या विवेचनावर पहिला आक्षेप असा घेता येईल की हा शेवटी खेळ आहे. नको असेल तर बाहेर पडावे. खेळातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य ही खेळाची मूळ अट आहे, हे खरे. योहान हुइझिंगा यांनीही १९३८ मध्ये खेळाच्या लक्षणांत स्वेच्छेला अग्रस्थान दिले होते. परंतु साठलेले गुण, वर्षानुवर्षे घडवलेले पात्र आणि त्या समूहातच जोडलेली मैत्री यांसह बाहेर पडता येत नसेल तर ती स्वेच्छा औपचारिक उरते. गावच्या हौशी नाट्यसंस्थेतून रुसून गेलेला नट दुसऱ्या संस्थेत आपला अभिनय बरोबर नेतो. ऑनलाइन पात्र मात्र बहुधा त्या समूहाच्या जगाबाहेर उरतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नेताच सर्वांत जास्त राबतो, मग त्याला विषारी का म्हणावे? लॅम्डामूचा इतिहास आणि गुणाची कथा या दोहोंनी या आक्षेपाला वजन दिले आहे. शिणलेला नेता आणि विषारी नेता ही अनेकदा दोन माणसे नसतात. एकाच माणसाच्या त्या दोन अवस्था असतात. मोबदल्याविना आणि मुदतीविना राबणाऱ्याला आपल्या त्यागाची परतफेड निष्ठेच्या रूपाने हवीशी वाटू लागते आणि तेथून आज्ञेचा सूर बदलतो. म्हणून उपाय नेत्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या पदाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

कायद्याने अद्याप या प्रश्नाकडे पाहिलेले नाही. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणतो आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना उत्तेजन देतो. जेथे पैसा नाही तेथे शोषणही नाही, असे त्यामागचे गृहीतक दिसते. अमेरिकेतील 'ए. ओ. एल.' कंपनीच्या स्वयंसेवी समूहचालकांनी १९९९ मध्ये आपण प्रत्यक्षात कर्मचारीच आहोत असा दावा न्यायालयात केला आणि २०१० मध्ये सुमारे दीड कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या प्रकरणात मागे एक कंपनी होती. दहा-वीस विद्यार्थ्यांनी चालवलेल्या समूहात दावा कोणावर करायचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे उरते ती केवळ समूहाची स्वतःची रीत.

समारोप

तमाशाच्या फडाचे उदात्तीकरण हा या तुलनेचा हेतू नाही. उचलीची व्यवस्था माणसे पिळणारीच होती. परंतु तिच्यात सोंग हे श्रम आहेत, मालक हा मालक आहे आणि पहाटे हिशेब होतो, या तीन गोष्टी उघड होत्या. ऑनलाइन भूमिकासमूहांत श्रमाला हौस म्हटले जाते, सत्तेला कथा म्हटले जाते आणि हिशेबाची पहाट होतच नाही. सोंग उतरवण्याची वेळ ठरलेली असणे, नेतृत्वाची मुदत असणे, कथेतील शिक्षा आणि समूहातील शिक्षा वेगळ्या असणे आणि सोडून जाणाऱ्याचे कमावलेले त्याच्याजवळ राहणे, या चार साध्या रीतींनीही या समूहांचे स्वरूप पुष्कळ बदलू शकेल.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विवेचनाचा एक व्यावहारिक अर्थ आहे. वर्गात पेंगणारा विद्यार्थी 'व्यसनी' असेलच असे नाही. तो कदाचित चाळीस जणांचे वेळापत्रक सांभाळणारा, आदल्या रात्री दोन मित्रांचे भांडण मिटवून आलेला आणि कोणी आभार न मानलेला कार्यकर्ता असेल. अथवा तो अशाच एखाद्या नेत्याच्या आज्ञेत अडकलेला असेल. त्याला 'किती तास खेळतोस?' असे विचारले तर उत्तरादाखल एक आकडा मिळेल. 'तुमचा समूह कोण चालवतो, आणि तुला तो सोडता येतो का?' असे विचारले तर संभाषण सुरू होईल. स्नेहसंमेलने, एकांकिका आणि श्रमशिबिरे ज्यांनी वर्षानुवर्षे हौसेच्या बळावर चालवली आहेत, त्या अध्यापकवर्गाला या दुसऱ्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.